रस्ता वर, घर खाली

माझ्या माहेरच्या घराला तीन पायऱ्या होत्या. १९८८ साली बाबांनी दक्षिण नागपुरातल्या एका ले-आऊटमध्ये प्लॉट घेऊन घर बांधलं. तेव्हा समोरचा रस्ता मुरमाचा होता आणि ओट्यावर जायला सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या चढाव्या लागत. पहिल्या पायरीवर आम्ही चपला काढायचो, दुसरीवर बसून शेंगा फोडायचो. पुढे डांबर आलं. दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवं डांबर पडत गेलं आणि पहिली पायरी कधी बुजली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग दुसरी अर्धी गेली. त्यानंतर सिमेंटचा रस्ता झाला आणि उरलंसुरलं एका उन्हाळ्यात गेलं. आज आईच्या घरी जायचं तर रस्त्यावरून खाली उतरावं लागतं.

हे वाचताना नागपुरातल्या अनेकांना आपलं किंवा नात्यागोत्यातल्या कुणाचं तरी घर आठवेल. जून उजाडला की फाटकाशी दोन विटांचा बांध घालायचा, फ्रिज लाकडी पाटावर चढवायचा, दिवाणाखालच्या पेट्या माळ्यावर टाकायच्या. अंगणातल्या जमिनीतल्या टाक्याचं झाकण प्लॅस्टिक लावून बंद करायचं, कारण नालीचं पाणी आधी तिथं शिरतं आणि मग आठवडाभर टँकरची वाट बघावी लागते. गेली काही वर्षं आई ही कामं लोणची घालावीत इतक्या सरावाने करते. मला सगळ्यात जास्त राग येतो तो या सरावाचाच. सत्तरी ओलांडलेल्या बाईने स्वतःच्या घरात पाणी येणार हे ऋतुचक्रासारखं गृहीत का धरावं?

सिमेंट रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा मी साइटवरच्या अभियंत्याकडे गेले होते. माणूस वाईट नव्हता. उन्हात उभा होता, माझं सगळं ऐकून घेतलं, आमच्या फाटकापर्यंत चालत आला. मग म्हणाला, "मॅडम, तुमचं बरोबर आहे, पण आमच्या हेडमध्ये फक्त रस्ता आहे. नालीचं हेड वेगळं. ते काम मंजूर झालं की लेव्हल जुळवून घेतील." हेड म्हणजे ज्या नावाने कामाचा पैसा मंजूर होतो ते खातं. मी नालीचं विचारायला दुसऱ्या कार्यालयात गेले. तिथं सांगितलं की रस्ता आमचा नाही, त्यामुळे त्याची उंची आम्ही ठरवू शकत नाही. तिसरीकडे उत्तर मिळालं की आधी गडर लाइन, म्हणजे सांडपाण्याची वाहिनी, बदलावी लागेल, नाली नंतर बघू. तिघांपैकी एकही खोटं बोलत नव्हता. प्रत्येकाने आपापलं हेड नीट सांभाळलं होतं. आमचं घर मात्र कुणाच्याच हेडमध्ये बसत नव्हतं.

मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे. नागपूरची अडचण पैसा नसण्याची किंवा काम न होण्याची नाही. कामं भरपूर होतात. पण ती हेडवार होतात आणि माणसं राहतात गल्लीत. एका गल्लीचा रस्ता, नाली, गडर, नळ आणि घराची जोती यांची पातळी एकत्र बघून सही करणारा एकही माणूस या व्यवस्थेत नाही. तो नेमला जात नाही तोवर नवं प्रत्येक काम जुन्या कुणाचं तरी नुकसान करत राहील.

सिमेंट रस्त्यांना माझा सरसकट विरोध नाही, हे आधीच सांगते. शहराच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचं डांबर दोन-तीन पावसाळ्यांत उखडतं. दर वर्षी खड्डे बुजवण्यापेक्षा पंचवीस-तीस वर्षं टिकणारा रस्ता करावा, या म्हणण्यात तथ्य आहे. ज्यांनी खड्ड्यात पडून हातपाय मोडून घेतले त्यांना हा रस्ता किती मोलाचा वाटतो, तेही मी ऐकलं आहे. पण सिमेंटचा रस्ता डांबरासारखा चूक पोटात घेत नाही. डांबर खरवडता येतं. काँक्रीट एकदा चुकीच्या उंचीवर बसलं की एक पिढी ती चूक भोगते. म्हणून इथं मोजमाप आधी आणि काम नंतर हा क्रम पाळायलाच हवा होता. जुना थर आणि खालची माती आवश्यक तेवढी खोदून काढून मूळ पातळीलाच नवा रस्ता बसवणं अशक्य नाही. त्यासाठी जास्त खोदावं लागतं, खोदताना जुन्या नळाच्या आणि गडरच्या लाइनी मध्ये येतात, आणि त्या लाइनी दुसऱ्या हेडमध्ये असतात. म्हणून बहुतेक ठिकाणी वरच रचलं जातं.

नागपूर सपाट दिसतं, पण आहे उतारावर. पश्चिमेला सेमिनरी हिल्सचा उंचवटा आहे, तिथून शहर पूर्वेकडे उतरत जातं. नाग नदी लाव्याच्या टेकड्यांकडून निघते, अंबाझरीहून शहरात शिरते, सीताबर्डी, अशोक चौक, नंदनवन, पारडी करत पूर्वेला निघून जाते आणि पुढे कन्हानला मिळते. पावसाचं पाणीही साधारण याच दिशेने धावतं. आता या उताराला आडवा, म्हणजे उत्तर-दक्षिण जाणारा रस्ता फूटभर उचलून पाहा. तो रस्ता राहत नाही, तो बांध होतो. त्याच्या पश्चिमेच्या अंगाला जी घरं आहेत ती त्या बांधामागच्या तळ्यात उभी राहतात. शेतात बांध कुठे घालायचा आणि पाट कुठून काढायचा हे विदर्भातल्या कोणत्याही शेतकऱ्याला कळतं. तेच ज्ञान शहराच्या रस्त्याला लावायला एवढं जड का जावं?

आमच्या गल्लीत आणखी एक गोष्ट दिसते, ती मी अनेक वस्त्यांत पाहिली. रस्ता झाला, कडेला गट्टू म्हणजे सिमेंटचे फरशीठोकळे बसले, मधे पावसाळी नालीचे चेंबर बांधले. चेंबरला पाणी आत जाण्यासाठी भोकं ठेवली. ती भोकं गट्टूंपेक्षा चार बोटं वर आहेत. म्हणजे पाणी चार बोटं साचेपर्यंत नालीत उतरूच शकत नाही, आणि तोवर ते खालच्या अंगणात गेलेलं असतं. रस्ता पूर्ण, गट्टू पूर्ण, चेंबर पूर्ण. तिन्हींची बिलं निघाली असतील. तिन्ही कामं कागदावर निर्दोष आहेत आणि तिन्ही मिळून एक बादली पाणीसुद्धा वाहून नेत नाहीत.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. शुक्रवारच्या रात्री सुरू झालेल्या पावसाने चार तासांत शंभर मिलिमीटरचा आकडा ओलांडला. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदीने काठ सोडला. अंबाझरी ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आऊट या भागांत माणसं झोपेतून उठली ती पाण्यात. मूकबधिर मुलांच्या शाळेतून मुलांना बाहेर काढावं लागलं. चार जीव गेले. सुमारे दहा हजार घरांना फटका बसल्याचं सरकारनेच सांगितलं. माझी एक मैत्रीण त्या भागात राहते. पाणी ओसरल्यावर मी तिच्याकडे गेले तेव्हा ती मुलीच्या दहावीच्या वह्या एकेक पान सुटं करून दोरीवर वाळत घालत होती. शाई पसरली होती, एक ओळ वाचता येत नव्हती, तरी ती घालत होती.

त्या रात्रीचा पाऊस मोठा होता, हे मान्यच आहे. पण अंबाझरीचा तलाव दीडशे वर्षांहून जुना आहे आणि त्याने मोठे पाऊस पाहिलेले आहेत. बदललं होतं ते सांडव्यापुढचं जग. पाणी जायच्या वाटेवर बांधकामं उभी राहिली, पात्र अरुंद झालं, नदीवर स्लॅब टाकून पार्किंगला जागा केली गेली. नागरिकांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावं लागलं. तिथं एकाच तलावाच्या आणि एकाच नदीच्या निमित्ताने महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास, जलसंपदा विभाग अशा यंत्रणांची जबाबदारी तपासावी लागली. तलावाचं पाणी एका रात्रीत खाली उतरलं. ते कुणाच्या हद्दीतून उतरलं हे ठरवायला मात्र महिनोन्महिने गेले. आमच्या गल्लीत फूटभर पाण्याचं जे झालं तेच तिथं माणसं बुडतील एवढ्या पाण्याचं झालं. फरक फक्त खोलीचा.

इतक्या यंत्रणा का झाल्या, यालाही इतिहास आहे. नगरपालिका १८६४ ची. सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने आलं. महापालिका १९५१ मध्ये झाली, पण प्रन्यास गेलं नाही. ले-आऊट पाडायचे एकाने आणि नळ-दिवे द्यायचे दुसऱ्याने, असं वर्षानुवर्षं चाललं. अनधिकृत ले-आऊट नियमित करण्यातला ५७२ आणि १९०० ले-आऊटचा गुंता ज्यांनी आर. एल. साठी, म्हणजे नियमितीकरणाच्या पत्रासाठी, चकरा मारल्या आहेत त्यांना वेगळा सांगायला नको. प्रन्यास बरखास्त करण्याचा निर्णय एका सरकारने घेतला, पुढच्याने तो फिरवला. मधल्या काळात शहराबाहेरच्या पट्ट्यासाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आलं, मेट्रोसाठी महामेट्रो आली, स्मार्ट सिटीची कंपनी आली, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण तर आहेतच. या सगळ्यांना एकत्र करून एकच यंत्रणा करा, अशी मागणी नेहमी होते. मला ती चुकीची वाटत नाही, पण तिची वाट बघत बसायला आमच्याकडे इतके पावसाळे नाहीत.

पैशाचा रस्ताही असाच वाकडा आहे. २०१३ च्या एप्रिलमध्ये नागपुरातली जकात गेली. तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, दोन वर्षांत बहुतांशी गेला, २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तेव्हापासून महापालिका राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून आहे. स्वतःच्या हक्काचा पैसा कमी झाला की येणारा पैसा कुणाच्या तरी शिफारशीने, कुठल्या तरी योजनेच्या नावाने येतो. त्या नावात 'रस्ता' असेल तर रस्ताच होतो. सोबत नालीही करा असं सांगायला त्या पैशाला तोंड नसतं. आमच्या अभियंत्याचं हेड असं वरून, फार लांबून आलेलं होतं. त्याच्यावर चिडून मला काहीच मिळालं नसतं.

याच शहराने दुसरं करून दाखवलं आहे, म्हणून तर मला हे लिहावंसं वाटतं. भांडेवाडीला शहराचं सांडपाणी शुद्ध होतं आणि ते कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिलं जातं. वीज केंद्राला लागणाऱ्या पाण्याचा भार त्यामुळे पेंचच्या पाण्यावरून कमी झाला. देशात इतक्या आधी आणि इतक्या मोठ्या प्रमाणावर हे फार थोड्या शहरांनी केलं. ते जमलं कारण एका बाजूला देणारा होता, दुसऱ्या बाजूला घेणारा, आणि मधे किती पाणी, कोणत्या प्रतीचं, कुठपर्यंत पोचवायचं हे लिहिलेला करार होता. पाणी कमी पडलं तर कुणाला विचारायचं हे दोघांनाही माहीत होतं. मी गल्लीसाठी मागते आहे ते यापेक्षा फार लहान आहे.

विचारायचं कुणाला, हा प्रश्न नागपुरात काही वर्षं फारच बिकट होता. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले आणि शहर प्रशासकाच्या हाती गेलं. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी असं राज्यघटना सांगते, तरी जवळपास चार वर्षं चोवीस लाखांहून मोठ्या शहराला एकही नगरसेवक नव्हता. सप्टेंबर २०२३ चा पूर याच काळात आला. काही जण म्हणतात, नगरसेवक नव्हते म्हणून काही बिघडलं नाही, उलट टक्केवारी थांबली. मी या म्हणण्याशी सहमत नाही. नगरसेवक कसाही असो, पहाटे सहाला त्याचं दार वाजवता येतं. पाणी घरात असताना प्रशासकाचं दार कुठं आहे हेच आईला माहीत नव्हतं.

पण नगरसेवक परत आले म्हणजे प्रश्न सुटला, असंही नाही. १५१ नगरसेवक, ३८ प्रभाग. एक प्रभाग सोडला तर प्रत्येकात चार-चार. २०११ च्या लोकसंख्येने भागलं तरी एका प्रभागात साठ हजारांवर माणसं येतात. इतक्या मोठ्या प्रभागात चौघे निवडून आले की तिघे चौथ्याकडे बोट दाखवू शकतात. हेडचा जो खेळ कार्यालयात चालतो तोच इथं माणसांत चालू होतो. आपल्या राज्याच्या कायद्यात २००९ सालीच क्षेत्रसभेची तरतूद झाली आहे. मतदारांनी आपल्या भागात बसावं, कामं सुचवावीत, झालेल्या कामांचा जाब विचारावा, अशी ती कल्पना. आमच्या ले-आऊटमध्ये अशी सभा मी एकदाही पाहिलेली नाही. लोकांनाच हौस नाही असं म्हणून हे झटकू नये. मारबतीच्या, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या दिवशी महाल-इतवारीत उसळणारी गर्दी बघा. १८८१ पासून हे शहर दर वर्षी तान्ह्या पोळ्याला आपली दुखणी रस्त्यावर आणून 'घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडतं आहे, सोबतच्या बडगे नावाच्या पुतळ्यांवर खड्ड्यांपासून महागाईपर्यंत सगळं लिहितं आहे. बोलायची हौस या शहराला मुबलक आहे. ते बोलणं लिहून घेऊन त्यावर पोच देणारं टेबल तेवढं नाही.

माझी मागणी तीन-चार वाक्यांत मावते. कोणत्याही यंत्रणेने कोणत्याही गल्लीत रस्त्याचं काम काढण्याआधी त्या गल्लीतल्या प्रत्येक घराच्या जोत्याची, नालीच्या तोंडाची आणि सध्याच्या रस्त्याची उंची मोजावी. नव्या रस्त्याची उंची त्याच तक्त्यात लिहावी आणि तो तक्ता काम सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी गल्लीच्या तोंडाशी लावावा. पैसा कुणाचाही असो, तक्त्यावर झोनच्या एका अभियंत्याची सही असावी. हेडची नाही, गल्लीची सही. त्या सहीशिवाय कार्यादेश निघू नये आणि पहिल्या पावसात पाणी घरात गेलं तर दोष दायित्व कालावधीत, म्हणजे कामातल्या दोषांची जबाबदारी कंत्राटदारावर असते त्या मुदतीत, त्याने स्वतःच्या खर्चाने पातळी दुरुस्त करून द्यावी. दहा झोन आहेत, झोनमध्ये अभियंते आहेत, मोजायची यंत्रं आहेत. नवा कायदा लागत नाही, नवं महामंडळ तर अजिबात लागत नाही.

अभियंत्यांवर आणखी एक बोजा, अशी तक्रार येईल. येऊ दे. मला वाटतं ही सही त्यांनाही वाचवेल. आज वरून आलेला रस्ता त्यांना करावाच लागतो. उद्या तक्त्यावर जोतं खाली दिसलं तर "या उंचीला सही करता येत नाही" असं म्हणायला त्यांच्या हातात कागद असेल.

मार्चमध्ये मी आणि शेजारचे दोघे मिळून आमच्या गल्लीचं मोजमाप केलं. ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पाण्याने भरलेली पारदर्शक लेव्हलची नळी आणली. एक टोक रस्त्याच्या मधोमध धरायचं, दुसरं घराच्या जोत्याशी, पाणी स्थिर झालं की खडूने खूण करायची आणि टेपने अंतर घ्यायचं. एकतीस घरं, दोन सकाळ. सुरुवातीला लोक फाटकातून बघत होते. चौथ्या-पाचव्या घरापासून स्वतःच टेप धरायला लागले. एका आजोबांनी आपल्या बुजलेल्या पायरीची जागा काठीने दाखवली आणि तीही लिहायला लावली. मिस्त्री एकदा थांबून म्हणाले, "ताई, हे रस्त्याच्या आधी मोजलं असतं तर इथून उतार निघत होता. आता सगळं होऊन गेल्यावर मोजून राहिलो आपण." मी म्हटलं, पुढची गल्ली अजून व्हायची आहे. त्यावर त्यांनी नळी गुंडाळली आणि तिकडचीही दोन घरं मोजून दिली, पैसे घेतले नाहीत.

तो तक्ता झोन कार्यालयात देऊन पोच घेतली आहे आणि प्रभागातल्या चारही नगरसेवकांना एकेक प्रत दिली आहे. आईचं घर सातव्या ओळीत आहे. मूळ जोतं रस्त्याच्या वर, अठरा इंच. आजचं जोतं रस्त्याच्या खाली, सात इंच.